जूमलावरची साईट: सुरक्षा, अपडेट आणि पुढचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या देवस्थान समित्या, वाचनालयं, नाट्यमंडळं, शाळा आणि होमस्टे चालवणारी मंडळी यांच्या बऱ्याच जुन्या साईट्स जूमला या, साईट उभारायच्या आणि सांभाळायच्या मुक्त सॉफ्टवेअरवर उभ्या आहेत. दर वार्षिक सभेत कुणीतरी विचारतं, ‘हे जूमला अजून आहे का? वर्डप्रेसवर जाऊया का? हॅक झालं तर जबाबदार कोण?’ त्या प्रश्नांची ही उत्तरं. तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या सभासदासाठी काही भाग सविस्तर आहे. बाकीच्यांनी तो ओलांडून पुढे जावं.

जूमला मुळातच असुरक्षित आहे म्हणतात. खरं का?

मूळ जूमलात गंभीर चुका सापडल्या आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. डिसेंबर २०१५ मध्ये ३.४.६ ही आवृत्ती घाईघाईने आली. ब्राउझर स्वतःची ओळख म्हणून जी ओळ सर्व्हरला पाठवतो, तिच्यातूनच कोड घुसवून चालवता येत होता. १.५ पासूनच्या सगळ्या आवृत्त्या त्यात सापडल्या आणि दुरुस्ती बाहेर पडण्याआधीच हल्ले सुरू झाले होते. ऑक्टोबर २०१६ ची चूक वेगळी होती: सभासद-नोंदणी बंद असलेल्या साईटवरही बाहेरच्याला खातं उघडून स्वतःचे अधिकार वाढवून घेता येत. ती ३.६.४ ने मिटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये कळलं की ४.०.० ते ४.२.७ या आवृत्त्यांमधला वेब सर्व्हिसचा एक पत्ता लॉगिन न विचारता डेटाबेसचं युजरनेम आणि पासवर्ड दाखवतो. ४.२.८ ने तो बंद केला.

या प्रत्येक वेळी ज्यांनी दोन-चार दिवसांत अपडेट केलं ते बहुतेक वाचले. ज्यांच्या साईटला वाली नव्हता, त्यांच्या साईट्स अजूनही त्याच जुन्या भोकांतून फुटतात. शिवाय रोजच्या हल्ल्यांत मूळ जूमलापेक्षा जुनी एक्स्टेंशन्स (जूमलाला वरून जोडलेले भाग), इतरत्र फुटलेले पासवर्ड आणि सर्व्हरवर पडून राहिलेल्या साईटच्या जुन्या प्रती यांचाच वाटा मोठा असतो.

जूमलाचा कोड सगळ्यांना दिसतो. मग चोरालाही दिसतोच की!

दिसतो. पण हल्लेखोर सहसा कोड वाचत बसत नाही. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते तो पाहतो आणि त्यावरून हत्यार तयार करतो. म्हणजे धोका सर्वांत जास्त असतो तो दुरुस्ती आल्यानंतर, तुम्ही ती बसवेपर्यंत. ड्रुपल या जूमलासारख्याच सॉफ्टवेअरमधल्या ऑक्टोबर २०१४ च्या चुकीच्या वेळी त्यांच्याच सुरक्षा पथकाने जाहीर केलं होतं की सूचना निघाल्यापासून सात तासांत दुरुस्ती न केलेली साईट फुटलीच आहे असं समजून चाला. कोड बंद ठेवल्याने हे टळत नाही, कारण बंद सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्याही अशाच उलगडल्या जातात.

भारत सरकारनेही २०१५ मध्ये आपल्या यंत्रणांसाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं आहे. ‘फुकटचं म्हणजे कच्चं’ हा समितीतला युक्तिवाद तिथेच थांबायला हरकत नाही.

आमची साईट कुठल्या आवृत्तीवर आहे, हे कसं पाहायचं?

अॅडमिनमध्ये शिरता येत असेल तर ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’ उघडा. जूमला आणि पीएचपी (जूमला ज्या भाषेत लिहिलंय ती) या दोन्हींच्या आवृत्त्या तिथे दिसतात. अॅडमिनचा पासवर्डच कुणाकडे नसेल (हे फार वेळा होतं), तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये अॅडमिनिस्ट्रेटर, त्यात मॅनिफेस्ट्स, त्यात फाइल्स अशी फोल्डर्स उघडून जूमला नावाची एक्सएमएल फाइल वाचा. सुरुवातीच्या ओळींतच आवृत्ती लिहिलेली असते. ही फाइल बाहेरच्यांनाही वाचता येते, तेव्हा ‘आमची जुनी आवृत्ती कुणाला कळणार?’ या भरवशावर राहू नका.

आवृत्ती ३ आहे, पण साईट व्यवस्थित चालते. मग हात कशाला लावायचा?

कारण १७ ऑगस्ट २०२३ पासून आवृत्ती ३ ला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत. त्यानंतर सापडलेली चूक तुमच्या साईटवर कायमची राहणार.

दुसरं कारण होस्टिंगचं. आवृत्ती ३ च्या काळातली एक्स्टेंशन्स पीएचपी ७.४ किंवा त्याहून जुन्यावर लिहिलेली असतात आणि ७.४ चा पाठिंबा नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला. होस्टिंग कंपनी एखाद्या दिवशी जुनं पीएचपी काढून टाकते, साईट पांढरी पडते, आणि ते नेमकं जत्रेच्या आठवड्यात कळतं. सवडीने तीन दिवसांत होणारं काम मग एका रात्रीत करावं लागतं.

३ वरून पुढे जायची नेमकी पद्धत काय?

थेट ३ वरून ६ वर उडी मारता येत नाही. ३.१०, मग ४.४, मग ५.४ आणि हवं असल्यास ६, असं पायरी-पायरीने जायचं. आणि चालत्या साईटवर अजिबात नाही. आधी पूर्ण बॅकअप घेऊन तो सबडोमेनवर किंवा लॅपटॉपवर झॅम्पमध्ये (लॅपटॉपवरच सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उभा करा आणि सगळी कसरत तिथे करा.

प्रतीवर पहिलं काम साफसफाईचं. न वापरलेली एक्स्टेंशन्स नुसती बंद करू नका, अनइन्स्टॉल करा. २०१३ मध्ये कुणीतरी लावलेला हिट काउंटर, बर्फ पाडणारं मॉड्यूल, फेसबुकची जुनी चौकट हे सगळं जाऊ द्या. राहिलेली एक्स्टेंशन्स त्यांच्या शेवटच्या आवृत्तीला आणा. जूमला ३.१०.१२ वर आणा. टेम्प्लेट (साईटचं रूप ठरवणारा भाग) तात्पुरतं प्रोटोस्टार हे जूमला ३ सोबतचं करा. मग ‘जूमला अपडेट’च्या ऑप्शन्समध्ये अपडेट चॅनेल ‘जूमला नेक्स्ट’ करा. आता जी प्री-अपडेट चेकची यादी दिसेल, तिच्यात पुढच्या आवृत्तीशी न जुळणारी एक्स्टेंशन्स वेगळी दाखवलेली असतात. ‘माहिती उपलब्ध नाही’ असा शेरा असलेलं एक्स्टेंशन चालेलच असं गृहीत धरू नका. ज्याने ते बनवलं त्याच्या साईटवर जाऊन पाहा.

४.४ वर पोचलात की सिस्टिममधल्या मेंटेनन्समध्ये डेटाबेस उघडून रचनेत काही फरक दाखवतोय का पाहा आणि तो दुरुस्त करून घ्या. कॅश रिकामी करा. मग पीएचपी किमान ८.१ वर नेऊन, पुन्हा ‘नेक्स्ट’ चॅनेल निवडून, ५.४. आवृत्ती ६ ला किमान पीएचपी ८.३ लागतं. खरं तर आज नव्याने काम करणाऱ्याने सगळीकडे ८.३ च ठेवावं, फक्त ३ वरची पहिली पायरी जुन्या पीएचपीवर पार पाडावी.

मध्येच काय मोडतं? तीन गोष्टी हमखास.

पहिली, पांढरं पान. बहुतेक वेळा एखादं जुनं सिस्टिम प्लगइन (एक्स्टेंशनचाच एक प्रकार) नव्या आवृत्तीत नसलेलं फंक्शन शोधत असतं. अॅडमिनही उघडत नसेल तर पीएचपीमायअॅडमिन या डेटाबेस हाताळायच्या अवजारातून डेटाबेसच्या एक्स्टेंशन्स नावाने संपणाऱ्या तक्त्यात त्या प्लगइनच्या ओळीतला ‘एनेबल्ड’ रकाना १ चा ० करा. पान परत येतं.

दुसरी, टेम्प्लेट. आवृत्ती ३ ची टेम्प्लेट्स बूटस्ट्रॅप (पानांच्या मांडणीचा तयार कोड) २ वर होती, ४ पासून बूटस्ट्रॅप ५ आहे. जुनं टेम्प्लेट ओढून नेण्याची खटपट करू नका. टेम्प्लेटच्या एचटीएमएल फोल्डरात कुणी जूमलाची पानं स्वतःच्या सोयीने बदलून ठेवली असतील, तर तीही नव्या आवृत्तीत गोंधळ घालतात. कॅसिओपिया हे सोबत येणारं टेम्प्लेट घेऊन रंग आणि बोधचिन्ह बदललं तरी संस्थेच्या साईटला ते पुष्कळ होतं.

तिसरी, अपडेट अर्ध्यावर थांबणं. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर वेळमर्यादा संपते किंवा जागाच उरलेली नसते. कोट्याच्या निम्मी तरी जागा मोकळी ठेवा, मेमरी लिमिट २५६ एमबी करा. एफटीपीने फाइल्स चढवत असाल तर पावसाळ्यात संध्याकाळी नको; वीज गेली की अर्धवट चढलेली फाइल आणि अखंड फाइल नावावरून ओळखू येत नाही. झिप चढवून ती सर्व्हरवरच उघडणं कधीही चांगलं.

अपडेटनंतर मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं झाली. परत मिळेल का?

आधी काय दिसतंय ते नीट पाहा, कारण दोन बिघाड वेगळे आहेत.

ओळीच्या ओळी नुसत्या प्रश्नचिन्हांच्या असतील, तर ती प्रश्नचिन्हंच डेटाबेसमध्ये साठली आहेत. मूळ अक्षरं गेली. जुन्या बॅकअपकडे परत जाण्याला पर्याय नाही. पण टोपी घातलेली रोमन अक्षरं, चलनाची चिन्हं, अवतरणं अशी खिचडी दिसत असेल, तर मजकूर शाबूत आहे. युनिकोडचे बाइट लॅटिन-१ समजून वाचले गेले आहेत इतकंच. अशा वेळी एकही लेख उघडून ‘सेव्ह’ दाबू नका. डेटाबेस पुन्हा निर्यात करा आणि आयात करताना फाइलचा कॅरेक्टर सेट योग्य तो सांगा. तक्ते यूटीएफ८एमबी४ मध्ये असायला हवेत, जूमला ३.५ पासून ते वापरतं.

तिसरा प्रकार जुन्या साईट्सचा. मजकूर युनिकोडमध्ये नव्हताच, श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. ब्राउझरने तो फॉन्ट उचलणं बंद केलं की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यातून काढलेला मजकूर माणसाने वाचलाच पाहिजे. ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षराला लागते, रफार एक अक्षर पुढेमागे सरकतो, आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. देवस्थानच्या इतिहासात अशी चूक राहिली की महाजनांचे फोन सुरू.

जाता जाता एक सेटिंग: ग्लोबल कॉन्फिगरेशनमध्ये ‘युनिकोड अलायसेस’ बंद असेल, तर देवनागरी शीर्षकाच्या लेखाचा पत्ता नुसती तारीख आणि वेळ असा आकड्यांचा तयार होतो. चालू केलं तर पत्ता देवनागरीत येतो, पण व्हॉट्सअॅपवर पाठवताना तो टक्केचिन्हांची लांबलचक माळ होऊ शकतो. आमच्या मते प्रत्येक लेखाला हाताने छोटा रोमन अलायस द्यावा. मात्र आधी छापून गेलेले पत्ते बदललेत तर रिडायरेक्ट लावायला विसरू नका.

साईट १.५ वर आहे.

मग अपडेटचा विचार सोडा. २.५ वरून ३ वर अपडेटने जाता येतं, १.५ वरून नाही, तिथे स्थलांतराची अवजारं लागतात आणि त्या अवजारांनाही आता वय झालंय. साईटवर शे-दीडशे लेख असतील तर नवी साईट उभारून मजकूर चिकटवणं जलद होतं. फोटो मात्र जुन्या इमेजेस फोल्डरातून आणताना एकेक फाइल तपासा. का, ते पुढे येतंच.

अपडेट कधी करावं?

जूमलाच्या नव्या मोठ्या आवृत्त्या दर दोन वर्षांनी ऑक्टोबरात आणि मधल्या आवृत्त्या दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरात येतात. ५.० ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, ६.० ऑक्टोबर २०२५ मध्ये. आवृत्ती ५ ला ऑक्टोबर २०२७ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. छोट्या संस्थेने ५.४ वर थांबावं आणि आपली एक्स्टेंशन्स ६ वर नीट चालतात हे इतरांना अनुभवू द्यावं, असा आमचा सल्ला. इथे पहिला नंबर काढण्यात काही मानपान नाही.

मोठी पायरी जत्रा, शिगमो, नाट्यस्पर्धा किंवा पर्यटन हंगामाच्या तोंडावर ठेवू नका. जुलै चांगला. पण सुरक्षा-दुरुस्ती आली तर मुहूर्त पाहायचा नाही, त्याच दिवशी बसवायची. आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठवड्यात, जेव्हा अख्खा गोवा सुटीवर असतो, तेव्हा साईटवर लक्ष कोण ठेवणार हे आधी ठरवून ठेवा.

आपोआप अपडेट चालू ठेवलं तर?

ठेवा. ५.४ आणि ६.० पासून मूळ जूमला स्वतःला अपडेट करू शकतं. त्याआधी ५.१ पासून अपडेटच्या फाइल्स खऱ्या आहेत की मध्येच कुणी बदलल्या, हे सहीवरून तपासण्याची सोयही आली आहे. दोन गोष्टी ध्यानात असू द्या. ही यंत्रणा एका मोठ्या आवृत्तीच्या आतच चालते, ५ वरून ६ वर ती स्वतःहून नेणार नाही. आणि एक्स्टेंशन्सना ती हात लावत नाही, ती तुम्हालाच पाहावी लागतात. सुरक्षेच्या नावाखाली कुणी साईटचं एपीआय फोल्डर बाहेरून बंद केलं असेल, तर आपोआप अपडेटही अडतं.

आज, अर्ध्या तासात, काय करता येईल?

सुपर युजर (सगळे अधिकार असलेली खाती) किती आहेत ते मोजा. दोन पुरे. सोडून गेलेल्या सचिवाचं आणि ज्या पोराने २०१४ मध्ये साईट बनवली त्याचं खातं ब्लॉक करा. उरलेल्या दोघांना मल्टी-फॅक्टर ऑथेंटिकेशन लावा, ४.२ पासून ते सुधारून आलं आहे. ‘अॅडमिन’ हे युजरनेम बदला. बाहेरच्यांना सभासद व्हायचं कारण नसेल तर युजर रजिस्ट्रेशन बंद करा. एचटीटीपीएस सक्तीचं करा, एरर रिपोर्टिंग ‘नन’ ठेवा. होस्टिंगच्या डिरेक्टरी प्रायव्हसीतून अॅडमिनिस्ट्रेटर फोल्डरला आणखी एक पासवर्ड लावा; नुसते पासवर्ड ठोकत बसणारे बॉट तिथेच थांबतात. सर्व्हरवरच्या परवानग्या: फाइल्स ६४४, फोल्डर्स ७५५. कुणी ‘चालत नव्हतं म्हणून’ ७७७ करून ठेवलं असेल तर ते आजच मागे घ्या.

इमेजेस फोल्डरात पीएचपी चालणार नाही असा नियम एचटीऍक्सेस या, सर्व्हरला नियम सांगणाऱ्या फाइलमध्ये घाला. फोटोंच्या जागी कोड चढवणं हा सर्वांत जुना मार्ग आहे आणि अजून चालतो.

यानंतर होस्टिंगवर ‘ओल्ड’, ‘न्यू’, ‘टेस्ट’, ‘बॅकअप२’ अशा नावांची फोल्डर्स शोधा. मुख्य साईट ताजी आणि शेजारी टेस्टमध्ये आठ वर्षांपूर्वीची जूमला, असं चित्र फार वेळा दिसतं. चोर टेस्टमधून आत येतो आणि एकाच खात्यातल्या सगळ्या साईट्सवर पसरतो. तुम्ही मुख्य साईट कितीही धुतलीत तरी घाण परत येते ती यामुळे.

एक्स्टेंशन कसं निवडावं?

शेवटचं अपडेट सहा महिन्यांपेक्षा जुनं असेल तर विचार करा, दोन वर्षांचं असेल तर नकोच. जूमलाची धोकादायक एक्स्टेंशन्सची जाहीर यादी असते, ती पाहा. सहाऐवजी दोन एक्स्टेंशन्सवर भागत असेल तर भागवा. आता बरंच काही मूळ जूमलातच आहे: कस्टम फील्ड्स, कामाचे टप्पे, बहुभाषिक पानं.

विकतचं टेम्प्लेट एकाने फुकट आणून दिलं. चालेल?

नाही. त्यात मागचं दार असण्याची शक्यता मोठी आणि अपडेट तर मिळणारच नाही.

बॅकअप होस्टिंगवाला घेतोच ना?

घेत असेल. किती दिवसांचा, आणि परत हवा असेल तर किती तासांत मिळतो, हे लेखी विचारा. साईट फुटल्याचं सहसा काही आठवड्यांनी कळतं. तोवर सात दिवसांचे सगळे बॅकअपही बाधित झालेले असतात. म्हणून दर महिन्याचा एक, असे निदान सहा ठेवा.

अकीबा बॅकअप हे एक्स्टेंशन वापरत असाल तर त्याची फाइल मुळात त्याच सर्व्हरवर पडते. खातं गेलं की साईट आणि बॅकअप दोन्ही गेले. उतरवून घ्या, एक प्रत कार्यालयातल्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसरीकडे. वर्षातून एकदा ती लॅपटॉपवर उभी करून पाहा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर समितीत हमी देऊ नये.

गूगलवर आमच्या नावाखाली जपानी अक्षरं आणि बुटांच्या जाहिराती दिसतात. साईट उघडली तर ठीक दिसते.

साईट फुटली आहे. गूगलच्या यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरं पान दाखवण्याची ही युक्ती आहे, म्हणून तुम्हाला सगळं आलबेल वाटतं. शोधपट्टीत रोमनमध्ये साईट, लगेच कोलन आणि पुढे तुमचं डोमेन टाइप केलं की किती खोटी पानं तयार झालीत ते कळेल.

पहिली गोष्ट: काही पुसू नका. बाधित साईटची आणि सर्व्हर लॉगची प्रत काढून ठेवा. मग होस्टिंग पॅनेल, एफटीपी, डेटाबेस, सुपर युजर आणि संबंधित ईमेल, सगळ्यांचे पासवर्ड बदला. तेही अशा संगणकावरून ज्यावर शंका नाही.

शोधायचं कुठे? इमेजेस, मीडिया, टीएमपी आणि कॅश या फोल्डरांतल्या पीएचपी फाइल्स. टेम्प्लेटच्या इंडेक्स फाइलच्या अगदी वरच्या ओळीत, उजवीकडे शेकडो मोकळ्या जागा सोडून लपवलेला बेस६४ चा लांब मजकूर. स्क्रोल केल्याशिवाय तो दिसतच नाही. एचटीऍक्सेसमधले अनोळखी नियम. क्रॉन जॉब्स (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं). नवे सुपर युजर. आणि लोक विसरतात ती जागा म्हणजे गूगल सर्च कन्सोल: चोर तिथे स्वतःला मालक म्हणून नोंदवून घेतो आणि त्यासाठी एक छोटी एचटीएमएल फाइल तुमच्या साईटवर ठेवतो.

एकेक फाइल साफ करत बसू नका. वरून नवी जूमला चढवली की जुन्या फाइल्स बदलतात, पण चोराने नव्याने ठेवलेल्या तशाच राहतात. खात्रीचा मार्ग एकच: रिकाम्या फोल्डरात ताजी जूमला, ताजी एक्स्टेंशन्स, डेटाबेस तपासून, आणि इमेजेसमधून फक्त खरे फोटो. लॉगमध्ये त्या फाइलच्या तारखेच्या आसपासच्या पोस्ट विनंत्या पाहिल्यात तर चोर कुठून आला तेही बऱ्याचदा सापडतं. ते न शोधता साईट परत लावली तर तो पुन्हा त्याच वाटेने येतो.

कळवायचं कुणाला?

पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे ठाणे रायबंदरला आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर-सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्या, सरकारी संस्था आणि सेवा पुरवठादारांनी अशी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. तुमची नोंदणी यात बसते की नाही हा वाद वकिलावर सोपवा, पण कळवून ठेवण्यात तोटा नाही.

अग्रशाळेच्या (देवस्थानच्या भक्तनिवासाच्या) खोल्यांचं बुकिंग साईटवरून होतं. त्यात काय जपायचं?

भक्तांनी चढवलेली आधारची चित्रं कुठे साठतात ते आज पाहा. अनेक फॉर्म एक्स्टेंशन्स ती इमेजेस किंवा अपलोड्स फोल्डरात टाकतात, आणि पत्ता माहीत असलेला कुणीही ती उघडू शकतो. फोल्डरची यादी दाखवणं सर्व्हरवर सुरू असेल तर पत्ताही लागत नाही. ओळखपत्र खोली देताना पाहिलं तरी चालतं. मग ते साईटवर मागता कशाला? मागायचंच असेल तर वेबच्या बाहेरच्या फोल्डरात ठेवा आणि मुक्काम संपल्यावर ठरलेल्या मुदतीत पुसा. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. देणगीचे पैसे पेमेंट गेटवेच्या पानावरच भरू द्या, कार्डाचा आकडा तुमच्या साईटवर कधीच येता कामा नये.

जूमला दोन-चार वर्षांत बंद पडेल का?

वापर घटला आहे, हे उघड आहे. जगातल्या साईट्सपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त वर्डप्रेसवर आहेत, तर जूमलाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत आला आहे. याचा परिणाम तुम्हाला जाणवतो तो मूळ सॉफ्टवेअरमध्ये नव्हे, तर आजूबाजूला: एक्स्टेंशन बनवणारे कमी होतात, म्हापशात किंवा मडगावात जूमला येणारा पोरगा शोधावा लागतो. हा तोटा खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही.

पण वापर घटणं आणि प्रकल्प संपणं या दोन वेगळ्या गोष्टी. जूमलाचा जन्मच एका भांडणातून झाला. २००५ मध्ये मांबो या सॉफ्टवेअरच्या मालकीवरून कंपनी आणि विकासक यांच्यात फाटलं, विकासक बाहेर पडले आणि तोच कोड घेऊन जूमला उभं केलं. मांबो पुढे विझलं. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यामुळे हे शक्य झालं: नाव एखाद्याचं असू शकतं, कोड सर्वांचा. आज जूमलामागे ओपन सोर्स मॅटर्स ही ना-नफा संस्था आहे आणि काम बहुतांशी स्वयंसेवक करतात. मोठा गुंतवणूकदार नाही म्हणून वेग कमी, आणि मोठा गुंतवणूकदार नाही म्हणून एका माणसाच्या लहरीवर सगळं बदलत नाही.

भवितव्य जोखायचं तर गप्पांपेक्षा तारखा पाहा. ठरलेल्या ऑक्टोबरात आवृत्ती आली का? सुरक्षा-सूचनेबरोबर दुरुस्ती त्याच दिवशी आली का? ४ बरीच लांबून ऑगस्ट २०२१ मध्ये आली, पण त्यानंतर ५ आणि ६ दोन-दोन वर्षांच्या अंतराने वेळेवर आल्या. आवृत्ती ७ ही ऑक्टोबर २०२७ च्या आसपास अपेक्षित आहे. ती वर्षभर लांबली आणि मधल्या आवृत्त्याही थांबल्या, तर मात्र बांधाबांध सुरू करा.

मग वर्डप्रेसच का घेऊ नये?

घ्या, जर साईट मुख्यतः बातम्या-फोटोंची असेल आणि ती सांभाळणारी व्यक्ती वर्डप्रेसच जाणत असेल. माणूस मिळणं हे कुठल्याही वैशिष्ट्यापेक्षा मोठं.

पण ‘सुरक्षेसाठी वर्डप्रेस’ हे कारण देऊ नका. तिथेही प्लगइन्सच फुटतात. सप्टेंबर २०२० मध्ये फाइल मॅनेजर नावाच्या प्लगइनमधून लॉगिनशिवाय फाइल चढवता येत होती आणि ते सात लाखांहून जास्त साईट्सवर होतं. ‘भविष्यासाठी वर्डप्रेस’ हेही तपासून घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात वाद पेटला, त्या कंपनीला वर्डप्रेस डॉट ऑर्गचं दार बंद झालं, आणि ऑक्टोबरात तिचं लोकप्रिय प्लगइन त्या भांडारात दुसऱ्या नावाने ताब्यात घेतलं गेलं. डिसेंबरात न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर दार उघडलं. सामान्य साईट्स यात बुडाल्या नाहीत, पण अपडेटचा नळ कुणाच्या हातात आहे ते सगळ्यांना दिसलं.

मराठी, कोंकणी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत तीच पानं ठेवायची असतील, किंवा खजिनदाराने फक्त देणगीचं पान आणि ग्रंथपालाने फक्त पुस्तकांची यादी बदलावी असे वेगवेगळे अधिकार हवे असतील, तर जूमलात हे मुळातच आहे. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी आणखी दोन प्लगइन्स, म्हणजे आणखी दोन दारं.

ड्रुपल?

मोठी संस्था, पगारी तंत्रज्ञ असेल तर उत्तम. गावच्या वाचनालयाला नको. ड्रुपल ७ वर अजून असाल तर त्याचा पाठिंबा ५ जानेवारी २०२५ लाच संपला आहे.

साईट बनवणाऱ्याने डोमेन स्वतःच्याच नावावर घेतलंय आणि आता फोन उचलत नाही.

हा सॉफ्टवेअरचा प्रश्न नाही, पण सर्वांत जास्त साईट्स यातच अडकतात. हूइज नोंदीत (डोमेनच्या जाहीर नोंदीत) रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवणारी कंपनी, कोण आणि मुदत कधी संपते ते पाहा. रजिस्ट्रारला संस्थेची नोंदणी, पैसे भरल्याच्या पावत्या आणि समितीचा ठराव जोडून लिहा. पुढच्या वेळी करारात चार ओळी असू द्या: डोमेन संस्थेच्या ईमेलवर, होस्टिंगचं बिल संस्थेच्या नावाने, सुपर युजरचा एक पासवर्ड सचिवाकडे बंद पाकिटात, आणि दर तीन महिन्यांनी बॅकअपची प्रत हातात. ईमेल एखाद्या पदाधिकाऱ्याचा खाजगी नको. तो पद सोडतो तेव्हा पत्ताही घेऊन जातो.

आमच्याकडे हे सगळं करणारं कुणीच नाही. वर्षातून एकदा जत्रेची तारीख बदलतो, एवढंच.

मग तुम्हाला जूमलाही नको आणि वर्डप्रेसही नको. आहे ती साईट एचटीट्रॅकसारख्या अवजाराने साध्या एचटीएमएल पानांत उतरवून घ्या, सर्व्हरवरून जूमला आणि डेटाबेस दोन्ही काढा आणि नुसती पानं ठेवा. लॉगिन नाही, डेटाबेस नाही, म्हणून फोडण्यासारखंही फारसं काही उरत नाही. होस्टिंग पॅनेलचा पासवर्ड तेवढा जपा. साईटवरचा शोध आणि संपर्काचा फॉर्म यात चालत नाही. फॉर्मच्या जागी कार्यालयाचा दूरध्वनी आणि वेळ लिहा. पानांचे पत्ते जुने होते तसेच ठेवा, नाहीतर गूगलवरून येणारा माणूस रिकाम्या पानावर पोचेल. तारीख बदलायला एक फाइल उघडून एक ओळ बदलावी लागते; ती फाइल कुठली, तिचं नाव कागदावर लिहून कार्यालयात लावून ठेवा.